न मागितलेला विसावा

मी एक जुना पंप आहे. पंप म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे विहिरीवरचा धडधडणारा पंप येईल, म्हणून आधीच सांगतो, मी तो नव्हे. दोन्ही तळहातांत मावेन एवढाच मी आहे. अंग पितळेचं, पोटात एक छोटा पंखा आणि डोक्यावर काळी टोपी. सध्या माझा मुक्काम कडाव गावच्या एका गोठ्यात, भिंतीतल्या फळीवर आहे. माझ्या एका बाजूला फुटकं घमेलं आहे आणि दुसऱ्या बाजूला बैलांच्या गळ्यातली घुंगरांची माळ. बैल विकले, माळ ठेवली. तिला निदान आठवण म्हणून ठेवलं आहे. मला कशासाठी ठेवलं आहे, ते मला अजून कळलेलं नाही.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, हा पंप फारच चिडका दिसतो. असेन. ज्या माणसासाठी आपण झिजलो, त्यानेच चारचौघांत आपल्याला तोंडघशी पाडलं, तर तुम्ही काय हसत बसाल? माझी हकिगत ऐका आणि मग ठरवा.

माझा जन्म पुण्याकडच्या एका लहानशा कारखान्यात झाला. पितळ वितळवून साच्यात ओतलं, थंड झाल्यावर घासलं, पुसलं, पोटात पंखा बसवला. शेवटी तिथल्या एका बाईंनी मला पाण्याच्या नळीला जोडून चालवून पाहिलं. त्यांनी माझ्या टोपीला कान लावला आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा बघ, अजिबात कुरकुरत नाही." जन्मतः मिळालेली ती शाबासकी मी जपून ठेवली. पुढे आयुष्यात मी खरंच कधी कुरकुरलो नाही. आता वाटतं, थोडं कुरकुरलो असतो तर बरं झालं असतं.

कडावच्या निलेशने मला आणलं. निलेशचं घर रस्त्याला लागून, मागे भातखाचरं. त्याने घराच्या मागच्या अंगाला ओळीने खोल्या बांधल्या होत्या. शनिवार-रविवारी शहरातले पाहुणे येऊन तिथे उतरत. गच्चीवर गरम पाण्याची टाकी होती. उन्हावर पाणी तापे, ऊन नसलं तर विजेवर. अडचण एकच होती. टाकी घराच्या पुढच्या टोकाला आणि खोल्या पार मागे. नळ सोडला की गरम पाणी खोलीपर्यंत पोहोचायला इतका वेळ लागे की तोवर बादलीभर गार पाणी मोरीतून वाहून जाई. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसायला लागला की निलेशच्या आईचा, जयवंताबाईंचा, जीव त्या वाया जाणाऱ्या बादलीत अडके.

मला बसवायला कर्जतहून किशोर प्लंबर आला. त्याने मला शेवटच्या खोलीच्या बाहेर, भिंतीतल्या कोनाड्यात बसवलं. माझं काम सोपं होतं, पण थांबण्यासारखं नव्हतं. टाकीतलं गरम पाणी सगळ्या खोल्यांच्या भिंतींतून फिरत शेवटच्या खोलीपर्यंत येई. तिथे मी उभा. मी त्याला बसू देत नसे. दुसऱ्या नळीतून त्याला परत टाकीकडे धाडायचं, तिथे ते पुन्हा तापायचं आणि पुन्हा फेरीला निघायचं. त्यामुळे कुठल्याही खोलीत नळ फिरवला की लगेच वाफाळतं पाणी. ते इतकं कडक असे की थेट अंगावर घेतलं तर कातडी सोलवटेल, म्हणून किशोरने प्रत्येक नळाशीच गार पाणी मिसळायची सोय करून दिली.

जाताना त्याने सगळ्यांना समोर उभं करून सांगितलं, "पाणी कडक ठेवायचं आन् फिरतं ठेवायचं. ह्याचं बटण बंद करायचं नाय. रात नाय, दिवस नाय."

बटण होतं शेवटच्या खोलीत. त्या खोलीत निलेशचे वडील आबाजी राहत. गोठा शेजारी म्हणून त्यांनी हट्टाने ती खोली घेतली होती. किशोरचं बोलणं ऐकून ते म्हणाले, "रातदिस? बैलाला बी सोमवारी सोडतो आपण."

सगळे हसले. मीही मनातल्या मनात हसलो. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो.

माझी पहिली वर्षं फार चांगली गेली. निलेशची बायको समीक्षा पाहुण्यांना कोनाड्याजवळ आणून मला दाखवायची आणि सांगायची, "आमच्याकडं पाणी वाया जात नाय. हा आहे ना." जयवंताबाईंनी वाचलेल्या पाण्यावर परसात अळू आणि मिरची लावली. त्या माझ्याशी कधी बोलल्या नाहीत, पण मिरची तरारली की कोनाड्याकडे एकदा बघून जात. मला तेवढं पुरे होतं.

जयवंताबाईंची एक सवय तुम्हाला सांगितली पाहिजे, कारण पुढे ती कामाला येणार आहे. रोज सकाळी त्या हंडा, कळशी, तांब्या, सगळं रिकामं करत. रात्रभर राहिलेलं पाणी म्हणजे शिळं पाणी. ते त्यांच्या घरात चूळ भरायलाही चालत नसे. ते अळूच्या वाफ्यात ओतायचं, भांडी घासायची आणि ताजं पाणी भरायचं. घाई असो, आजारपण असो, लग्नघर असो, यात कधी खंड पडला नाही. समीक्षा कधी म्हणालीच, "आई, आजच्या दिवस राहू द्या ना," तर त्या एवढंच म्हणत, "तुला शिळं चालत असंल गं. मला नाय चालत."

आणि आबाजी. मित्रांनो, आबाजींनी मला नाव दिलं होतं. पितळ्या. बैलाला हाक मारावी तसे ते मला हाक मारत. सकाळी उठले की पलंगावरूनच भिंतीला तळहात लावत. भिंतीतून माझी बारीक थरथर त्यांच्या हाताला लागे. मग ते म्हणत, "चाललंय का रं पितळ्या?" त्या एका प्रश्नावर माझा सगळा दिवस जाई. कारखान्यातून निघाल्यापासून मला कुणी आपला म्हटलं नव्हतं. त्यांनी म्हटलं.

त्यांच्या हातात त्या काळात फारसं काही उरलं नव्हतं. निलेशने बैल विकून भाताची सगळी कामं ट्रॅक्टरवर दिली होती. बांधावर गेले तर, "आबा, तुमी बसा आता." गोठ्यात गेले तर, "आबा, गाय मारील, तुमी बसा." वर्षानुवर्षं विड्या ओढून त्यांची छाती अधू झाली होती, त्यामुळे मुलाचंही चुकत नव्हतं. पण दिवसभर बसून बसून माणूस कंटाळतो. त्या घरात त्यांच्या ताब्यातली एकच गोष्ट राहिली होती, ती म्हणजे माझं बटण. कुणी विचारलं, की ते ऐटीत सांगत, "पंप माझ्याकडं हाय."

मग एका सोमवारी सकाळी त्यांनी भिंतीला हात लावला आणि नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. मग म्हणाले, "दमला असशील. आज सोमवार हाय. इसावा घे." आणि त्यांनी बटण बंद केलं.

माझ्या पोटातला पंखा थांबला. भिंतीतलं पाणी जागच्या जागी उभं राहिलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, आबाजी, मी बैल नाही हो. मला मान नाही, खांदा नाही, जू लागून माझी कातडी सोलवटत नाही. मी थांबलो की माझं काही भलं होत नाही आणि पाण्याचं मात्र वाईट होतं. पण मी न कुरकुरणारा पंप. गप्प उभा राहिलो. त्यात मला राग आला होता असंही नाही. कुणी इतक्या मायेने आपला विचार करतंय, याचं बरंच वाटलं होतं. माझी फसवणूक तिथूनच सुरू झाली, आणि ती मायेने झाली.

सोमवारचा विसावा मंगळवारीही मिळायला लागला. मग आबाजींनी मनाशी हिशोब बसवला की पाहुणे नसतील तेव्हा मी कुणासाठी पळायचं? त्यांची स्वतःची अंघोळ तर परसातल्या दगडावर, चुलीवर तापवलेल्या पाण्याने. घरातली बाकीची माणसं पुढच्या मोरीत, टाकीखालीच. म्हणजे आठवडाभर मागच्या नळ्यांना कुणी हात लावत नसे. शनिवारी पाहुणे यायच्या आधी आबाजी बटण चालू करत, टॉवेल खांद्यावर टाकत आणि आपल्या खोलीतल्या शॉवरखाली प्लॅस्टिकची खुर्ची मांडून बसत. पाहुण्यांना पाणी नीट मिळेल ना, हे बघायची ती त्यांची पद्धत. आठवड्यातली तेवढी एक चैन होती म्हणा. डोळे मिटून, तोंड वर करून ते बराच वेळ बसत आणि आतून ओरडत, "पितळ्या, झकास रं."

नळीत आठवडाभर उभं राहिलेलं कोमट पाणी सगळ्यात आधी त्यांच्या डोक्यावर पडत होतं. त्याचे बारीक तुषार त्यांच्या त्या अधू छातीत जात होते. भिंतीच्या या बाजूला मला सगळं समजत होतं आणि मला बोलता येत नव्हतं.

परीक्षांचे दिवस आले. त्या दिवसांत पाहुणे येत नाहीत. माझा विसावा फार लांबला. माझ्या अंगावर धूळ बसली. नळीच्या आतून बुळबुळीत थर धरायला लागला, तो मला जाणवत होता. शाळांना सुट्ट्या लागल्या आणि पाहुणे यायचं ठरलं, तेव्हा आबाजींनी मला चालू केलं, खुर्ची घेतली आणि शॉवरखाली बसले. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले होते.

काही दिवसांनी त्यांना थंडी वाजून ताप भरला. मग खोकला. मग भिंतीपलीकडून मला त्यांचा श्वास ऐकू यायला लागला. फाटक्या भात्यातून हवा निघावी तसा तो आवाज होता. कर्जतच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि पनवेलला न्यायला सांगितलं. गाडीत घालताना आबाजींचा हात भिंतीला घासून गेला. ते मुद्दाम की चुकून, ते मला माहीत नाही. मी मात्र त्या दिवसांत जीव तोडून फिरलो. दुसरं मला काय येतं?

पनवेलहून निलेश आणि समीक्षा कपडे न्यायला आले, तेव्हा आबाजींच्या खोलीत त्यांचं बोलणं झालं. डॉक्टरांनी म्हणे विचारलं होतं, घरात गरम पाणी कुठे साचून राहतं का. कोमट पाणी बरेच दिवस एका जागी राहिलं की त्यात एक जातीचे जंतू वाढतात. ते पोटातून नाही, तर श्वासातून जातात. शॉवरच्या तुषारांबरोबर फुफ्फुसात उतरतात. धडधाकट माणसाला कदाचित काही होणार नाही, पण म्हाताऱ्या, अधू छातीच्या माणसाला जीवघेणं ठरतं.

"साचतंय कुठं?" निलेश म्हणाला. "आपला पंप तर चोवीस तास फिरतोय."

"पाणी तपासून तरी घेऊ," समीक्षा म्हणाली.

पाणी तपासायला दिलं. मागच्या खोल्यांच्या पाण्यात ते जंतू निघाले. आणि मग निलेशने सरळ हिशोब मांडला. पाणी साचत नाही, तरी घाण आहे, म्हणजे घाण फिरवतोय कोण? हा पितळेचा डबा.

आबाजी वाचले. औषधं वेळेवर मिळाली म्हणून वाचले. घरी आले तेव्हा त्यांच्या पायांत बळ नव्हतं, चार शब्द बोलले की दम लागायचा. त्यांना पलंगावर टेकवून बसवलं. त्यांनी भिंतीला हात लावला नाही. मी वाट पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी किशोर हत्यारं घेऊन आला. निलेश कोनाड्याशी उभा होता. खोलीची खिडकी उघडी होती आणि आत आबाजी बसले होते. किशोरने मला हात लावून पाहिलं, टोपीला कान लावला. त्याचा चेहरा बुचकळ्यात पडल्यासारखा झाला.

"ह्यो तर मस्त चाललाय," तो म्हणाला. "निलेशदादा, मधी कधी बंद तर नव्हता ना ठेवला? बंद ठेवला की असंच होतंय."

"छे रं. बटण आबांकडं हाय. आबा नीट ध्यान देतात." निलेशने खिडकीतून आत बघितलं. "काय आबा? बंद व्हता का कधी?"

मित्रांनो, माझं सगळं आयुष्य त्या एका क्षणापाशी येऊन थांबलं होतं. मला वाटलं, आता ते सांगतील. पितळ्याचा काही दोष नाही, मीच त्याला सोडत होतो, असं म्हणतील. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. मायेनेच केलं होतं ना?

आबाजींनी आधी निलेशकडे पाहिलं, मग बटणाकडे. मग भिंतीकडे तोंड फिरवून ते खोकले.

"चालूच असतो," ते म्हणाले.

किशोरने पाना लावला. मी निघालो.

खरं सांगतो, मला त्यांचा फार राग आला. अजूनही येतो. कारखान्यात मला घासलं तेव्हा इतकं दुखलं नव्हतं. ते का खोटं बोलले, तेही मला कळत होतं. खरं सांगितलं असतं तर निलेश म्हणाला असता, आबा, तुम्हाला साधं एक बटण सांभाळता येत नाही, आणि मग तेही गेलं असतं. ते मला कळत होतं. पण कळलं म्हणून दुःख कमी होत नाही. मला पितळ्या म्हणणारं त्या घरात दुसरं कुणी नव्हतं.

मला या फळीवर आणून टाकलं. घराच्या सगळ्या नळ्या कडकडीत पाण्याने धुतल्या, शॉवर काढून साफ केले आणि माझ्या कोनाड्यात नवा पंप बसवला. तो माझ्यापेक्षा देखणा आहे, यात वाद नाही. समीक्षा पाहुण्यांना सांगायला लागली, "जुना खराब निघाला, बदलला." पावसाळाभर पाहुणे येतच होते, त्यामुळे नवा अखंड चालला. गोठ्याची आणि खोलीची भिंत एकच असल्याने त्याची थरथर या फळीपर्यंत येते. मी ती ऐकत पडून राहायचो. दुसऱ्याचं काम ऐकत बसण्यासारखी शिक्षा नाही.

पावसाळा ओसरला, पितरांचा पंधरवडा आला. त्या दिवसांत पाहुणे थांबले. आणि एका सोमवारी सकाळी ती थरथर बंद पडली. मंगळवारीही ती आली नाही. बुधवारी नाही. मला समजायचं ते समजलं. आबाजी आता नव्यालाही विसावा देत होते.

फळीवर पडल्या पडल्या मला घाम फुटला असता, जर पंपाला घाम येत असता तर. त्यांची छाती आता पूर्वीची राहिली नव्हती. दसऱ्याच्या सुट्टीला पाहुणे येणार होते. म्हणजे त्याआधी आबाजी खुर्ची घेऊन शॉवरखाली बसणार होते. पुन्हा एकदा पनवेलची गाडी आली, तर ती त्यांना परत आणेलच असं नव्हतं. राग होता तो होताच, पण ते मरावेत असं मला कधी वाटलं नाही. मी फळीवर होतो. माझ्या पोटात पाणीही नव्हतं आणि वीजही नव्हती.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा करतात. सकाळीच आबाजी गोठ्यात आले. कोयता, विळे, फावडं, सगळं त्यांनी खाली उतरवून धुतलं, पुसलं. नव्या पंपाला झेंडूची माळ घालून झाली होती, हे मी समीक्षाच्या बोलण्यातून ऐकलं होतं. आबाजींच्या खांद्यावर टॉवेल होता. तो टॉवेल मी ओळखत होतो. दुपारी पाहुणे येणार होते, आणि ते इथून थेट अंघोळीलाच जाणार होते.

जाता जाता ते फळीपाशी थांबले. मला उचललं. टॉवेलच्या टोकाने माझी धूळ पुसली आणि कपाळ कुठलं ते न समजल्याने टोपीवरच हळद-कुंकू लावलं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून हलक्या आवाजात म्हणाले, "तुझा काय दोष नव्हता रं पितळ्या. डागदर काय बी म्हणतात. इसाव्यानं पानी कुठं बिघडतंय? तू कधी कुरकुरला नाय. त्या नव्याला बी मी इसावा देतोय. त्यो बी गरीब हाय."

"कुनाला इसावा देताय?"

दारात जयवंताबाई उभ्या होत्या. सकाळची रिकामी केलेली कळशी त्यांच्या हातात होती.

आबाजी गडबडले. "पंपाला गं. पितरांच्या पंधरवड्यापास्नं पाव्हनं कुठं हायेत? मंग कशाला पळवायचा त्याला?"

"आन् नळीतलं पानी?"

"त्याचं काय? हाय नळीत."

"कधीचं?"

जयवंताबाईंनी कळशी खाली ठेवली.

"अवो, हंड्यातलं रातचं पानी मी तुमाला चूळ भरायला बी देत नाय. आन् तुमी पंधरवड्याचं शिळं पानी डोस्क्यावर घ्यायला निघालात?"

"तापलेलं असतंय ते."

"तापलेलं व्हतं. आता कोमट झालं असंल. कोमट भात झाकून ठेवला की किती येळात आंबतो, ते तुमी मला शिकवनार?" त्यांचा आवाज बारीक झाला. "त्या येळंला बी असंच केलं व्हतं का तुमी? दवाखान्याच्या आधी?"

आबाजी गव्हाणीच्या काठावर बसले. मी त्यांच्या हातात होतो. इतकी वर्षं ते माझी थरथर बघत आले होते, त्या दिवशी मी त्यांची बघितली.

जयवंताबाईंनी त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला आणि बैलांचं जुनं जू टांगलं होतं त्या खुंटीवर टाकला. मग दारात जाऊन निलेशला हाक मारली.

निलेश आला. आबाजींनी त्याच्याकडे न बघता सांगितलं, "किशोर आला व्हता तवा मी खोटं बोललो. ह्याला मीच बंद ठेवायचो. नव्याला बी ठेवलाय."

निलेश चिडला नाही. मला वाटलं होतं चिडेल. तो गव्हाणीपाशी आला आणि म्हणाला, "आबा, तवाच का नाय सांगितलं? आमी तुमाला काय केलं असतं?"

"एक बटण तरी माझ्याकडं व्हतं रं," आबाजी म्हणाले.

निलेशने पाहुण्यांना फोन करून पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. किशोरला बोलावलं. त्यांनी टाकीतलं पाणी कडकडीत तापवलं, तुषार उडू नयेत म्हणून शॉवरची तोंडं काढून घेतली, खिडक्या उघड्या ठेवल्या, आणि एकेक नळ सोडून जुनं पाणी मोरीतून पुरतं जाऊ दिलं. पाणी पुन्हा तपासून घेतलं. आबाजींना त्या दिवसांत खोल्यांकडे फिरकूही दिलं नाही. पंप थेट विजेला जोडून त्याचं बटण काढून टाकलं. पण निलेशने एक चांगली गोष्ट केली. त्याने आबाजींना सांगितलं, "आबा, रोज सकाळी आई हंडा उपसते ना, तवा तुमी मागच्या खोल्यांचं नळ थोडा येळ सोडायचं. शॉवर नाय, नुसता खालचा नळ. पानी कडक येतंय का ते बघायचं." तेव्हापासून जयवंताबाई कळशी घेऊन अळूकडे जातात आणि आबाजी खोल्यांकडे. दवाखान्यातून आल्यापासून हाती आलेली काठी हल्ली त्यांना लागत नाही.

आता माझं काय झालं, ते ऐका. त्या दिवशी गोठ्यातून निघताना निलेशने मला आबाजींच्या हातून घेतलं. उलटसुलट करून पाहिलं. "म्हंजे ह्याची काय चूक नव्हती," तो म्हणाला. माझ्या पोटातला पंखा जणू हलला. मला वाटलं, आता हा मला कोनाड्यात नेईल. त्याने मला थोडा वेळ हातात धरलं, मग भिंतीकडे वळला आणि मला पुन्हा याच फळीवर ठेवलं. नवा पंप चांगला चालला होता. चालत्याला काढून मला कशाला बसवायचं? आणि समीक्षा अजूनही पाहुण्यांना सांगते, "जुना खराब निघाला." खरी गोष्ट पाहुण्यांना कशी सांगणार?

आबाजी अधूनमधून येतात. माझी धूळ पुसतात. "पितळ्या" म्हणतात, पण "चाललंय का" असं विचारत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरी गिझर असेल, गच्चीवर टाकी असेल, सुट्टीत तुम्ही गावाला जाऊन आला असाल, तर आल्या आल्या शॉवरखाली उभे राहू नका. आधी टाकीतलं पाणी चांगलं कडक तापू द्या, मग खिडकी उघडून नळातलं जुनं पाणी वाहू द्या. कडक पाण्यात गार मिसळून मगच अंगावर घ्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची आधी काळजी घ्या. बैलाला सोमवारी जरूर सोडा, स्वतःही कधी बसा, पण पाण्याला एका जागी बसू देऊ नका.

आणि आणखी एक विनंती. कधी कुणावर खोटा ठपका येत असेल आणि खरं काय ते तुम्हाला माहीत असेल, तर तिथेच, त्याच वेळी, सगळ्यांसमोर बोला. माझ्या बाबतीतही खरं बोललं गेलं. पण ते बोललं गेलं तेव्हा मी फळीवर होतो, आणि आजही फळीवरच आहे.